मुलांचे पोट आणि मुलांची छाती

मूल खोकू लागले तर छाती तपासावी आणि जुलाब लागले तर पोट पाहावे. एकाचा विचार करताना दुसऱ्याची चौकशी कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर तो वावगा म्हणता येणार नाही. वैद्यकशास्त्रानेही पुष्कळ काळ या दोहोंची दालने वेगळी ठेवली होती. पोटाचे तज्ज्ञ निराळे, छातीचे तज्ज्ञ निराळे. घरातील वडीलधारी माणसे मात्र ही वाटणी मानीत नसत. मूल सर्दी-पडशाने हैराण झाले म्हणजे आजीबाई प्रथम विचारीत, "पोट साफ आहे का?" जुने हकीम नाडीवर बोटे ठेवून पहिला प्रश्न पोटाचाच करीत, मेदा हे दुखण्याचे घर, हे त्यांच्या तोंडचे नेहमीचे वचन असे.

या जुन्या समजुतीत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे आता बऱ्याच अंशी सांगता येते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले, त्यावरून एवढे निश्चित दिसते की लहान मुलाचे आतडे आणि त्याची श्वसनसंस्था या एकमेकींच्या शेजारणी आहेत, आणि एकीच्या घरी दुखणे आले की दुसरीचे दार उघडे पडते. हा संबंध कसा आहे, त्यातील सिद्ध झालेला भाग कोणता, केवळ आशेचा भाग कोणता, आणि घरी काय करावयाचे, हे आपल्या सभासद कुटुंबांपुढे साध्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही शिक्षक आहोत. औषध देणे हे आमचे काम नव्हे. परंतु शाळेचा हजेरीपट हादेखील आरोग्याचा एक आरसाच असतो. बेळगाव-खानापूरकडचा पावसाळा दीर्घ आणि ओलसर. जूनमध्ये शाळा उघडते, नळाला आणि विहिरीला नवे पाणी येते आणि पहिल्या इयत्तांतील मुले पोटाच्या तक्रारींनी गैरहजर राहू लागतात. श्रावण लागता लागता खोकला आणि ताप सुरू होतो. दोन्ही वेळच्या गैरहजेरीत पुष्कळदा तीच तीच नावे दिसतात. घरी धाकटे भावंड असले तर त्याचाही तोच क्रम असतो, आणि खरा धोका त्या धाकट्यालाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजारांवर मुले न्यूमोनियाने, म्हणजे फुफ्फुसदाहाने, दगावली. तेव्हा हा विषय केवळ शाळा बुडण्यापुरता नाही.

एकाच नळीच्या दोन शाखा

आईच्या पोटात गर्भ चार आठवड्यांच्या सुमाराचा असताना त्याच्या अन्नमार्गाच्या पुढील भागातून एक लहानसा कोंब फुटतो. हाच कोंब पुढे वाढतो, दुभंगतो आणि त्याची दोन फुफ्फुसे होतात. म्हणजे फुफ्फुसे आणि आतडी ही मुळात एकाच नळीची लेकरे. जन्मानंतर त्यांची कामे वेगळी होतात, तरी त्यांची अडचण एकच राहते. शरीराची कातडी बाहेरच्या जगाला अडवून धरते. पण आतडे आणि फुफ्फुस यांना बाहेरचे जग आत घ्यावेच लागते, एकाला अन्नाच्या रूपाने, दुसऱ्याला हवेच्या. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी पातळ, ओलसर अस्तर असते आणि त्या अस्तरापाशी संरक्षक पेशींचा मोठा पहारा असतो.

लहान आतड्याच्या अस्तरात या पेशींची ठिकठिकाणी लहान लहान ठाणी असतात. स्विस वैद्य योहान कोनराड पेयर यांनी १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. अन्नाबरोबर आलेले जंतू येथे पारखले जातात. शत्रू कोण, निरुपद्रवी कोण, याची ओळख संरक्षक पेशींना येथे होते. मग त्या पेशी तेथेच बसून राहत नाहीत. लसीकेच्या नलिकांतून त्या रक्तात उतरतात आणि शरीरातील इतर ओलसर अस्तरांत जाऊन वस्तीस राहतात. पोलिसाचे शिक्षण एका गावी होते आणि नेमणूक दुसऱ्या गावच्या ठाण्यावर होते, तसाच हा प्रकार. कॅनडातील संशोधक जॉन बीनेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली असे प्रतिपादन केले की श्वासनलिका, आतडे आणि आईचे स्तन ही तिन्ही ठिकाणे संरक्षणाच्या एकाच साखळीत गुंफलेली आहेत.

या साखळीत आईच्या स्तनांचा समावेश आहे, ही गोष्ट मातांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घरात जे जंतू फिरत असतात ते आईच्याही पोटात जातात. तिच्या आतड्यात त्यांची ओळख पटलेल्या पेशी स्तनांत जाऊन बसतात आणि त्या जंतूंना अडविणारी प्रतिद्रव्ये दुधात उतरतात. म्हणून आईचे दूध हे बाळाच्या स्वतःच्या घराला बेतून केलेले संरक्षण असते. डब्यातील पावडरीत ही सोय होऊ शकत नाही.

आतड्यातील वस्ती

जंतू म्हटला की आपण दचकतो. परंतु निरोगी माणसाच्या आतड्यात जंतूंची फार मोठी वस्ती असते आणि तिच्यावाचून आपले चालत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यांतील बहुतेक जंतू मोठ्या आतड्यात राहतात.

या वस्तीचा अभ्यास मुलांपासूनच सुरू झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या आतड्यातील जंतूंचे वर्णन केले. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांस असे आढळले की अंगावर पिणाऱ्या बालकांच्या आतड्यात बिफिडो नावाच्या उपयुक्त जंतूंचे प्राबल्य असते. त्याच संस्थेतील एली मेचनिकॉव्ह यांनी आंबवलेल्या दुधातील जंतू प्रकृतीस हितकर असल्याचे मत मोठ्या हिरिरीने मांडले. त्यांस १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात या शोधासाठी. आतड्यातील जंतू आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदत होते. त्यांची शास्त्रीय सांगड मात्र पुढे शंभर वर्षांनी नीट बसली.

बाळ जन्मास येताना त्याच्या आतड्यात ही वस्ती जवळजवळ नसतेच. जन्मताना आईकडून, पुढे तिच्या दुधातून, अंगाखांद्यावर खेळविणाऱ्या माणसांकडून आणि घरच्या अन्नपाण्यातून ती हळूहळू उभी राहते. सुमारे तीन वर्षांच्या वयापर्यंत तिचे स्वरूप मोठ्या माणसाच्या वस्तीसारखे होते. याच तीन वर्षांत मुलाच्या संरक्षक पेशींचे मुख्य शिक्षण चालू असते, आणि न्यूमोनियाचा धोकाही याच वयात अधिक असतो.

ही वस्ती काम तरी काय करते? आपण खातो त्या धान्याचा, डाळीचा, भाजीचा काही तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तो आंबवितात आणि त्यातून काही सौम्य आम्ले तयार होतात. या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि त्यांतील काही अंश रक्तावाटे दूरवर जाऊन संरक्षक पेशींच्या वागणुकीस वळण लावतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०११ साली असे दाखविण्यात आले की प्रतिजैविक औषधे देऊन उंदरांच्या आतड्यातील जंतू घटविले, तर त्यांची फुफ्फुसे इन्फ्लुएंझाच्या विषाणूशी नीट झुंजू शकत नाहीत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१४ साली दाखविले की तंतुमय आहार मिळालेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत दम्यासारखी सूज कमी येते. औषध पोटात, आहार पोटात, आणि परिणाम छातीत! अर्थात उंदीर म्हणजे मूल नव्हे. म्हणून प्रत्यक्ष मुलांमध्ये काय आढळले, इकडे वळणे भाग आहे.

मुलांमध्ये काय आढळले

घाना आणि ब्राझील या दोन देशांतील पाच वर्षांखालील मुलांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मुलास जितके अधिक दिवस जुलाब झाले असतील, तितका त्याला पुढील काळात छातीचा गंभीर विकार होण्याचा संभव अधिक, असे त्यात दिसून आले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. जुलाबाबरोबर नुसते पाणी जात नाही. क्षार जातात, जस्त जाते, आणि भूक मंदावल्यामुळे अन्नही कमी पडते. मूल खंगते आणि छातीवरचा पहारा ढिला पडतो.

जस्ताचे उदाहरण तर आपल्या देशातीलच आहे. दिल्लीच्या एका वस्तीतील लहान मुलांस रोज जस्ताची मात्रा देऊन केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात छातीच्या गंभीर विकारांचे प्रमाण शेकडा ४५ ने कमी झाले. जुलाब झालेल्या मुलास जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली संयुक्तपणे केली, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत त्या गोळ्या मिळतात.

आतड्यातील वस्ती मुद्दाम सुधारली तर काय होते, याचाही एक मोठा प्रयोग भारतात झाला. ओडिशातील १४९ खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांपैकी निम्म्यांस आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत, सात दिवस, एका उपयुक्त जंतूची मात्रा त्या जंतूला पोसणाऱ्या एका शर्करेसह दिली. उरलेल्यांस तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पहिल्या दोन महिन्यांत रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा बालक दगावणे, यांचे प्रमाण पूड दिलेल्या बालकांत शेकडा ९ होते, ते मात्रा दिलेल्यांत शेकडा ५.४ वर आले. छातीचे विकारही कमी झाले. मात्रा दिली पोटात, आणि फायदा झाला रक्तास व छातीस, ही येथील मुख्य गोष्ट.

फिनलंडमध्ये हेलसिंकी येथील १८ बालसंगोपन केंद्रांतील ५७१ मुलांवर याच स्वरूपाचा एक प्रयोग झाला. हिवाळ्याचे सात महिने काही मुलांना साधे दूध व काहींना उपयुक्त जंतू घातलेले दूध देण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे आजारपणामुळे गैरहजेरीचे दिवस दुसऱ्या गटात सरासरी ५.८ वरून ४.९ वर आले. म्हणजे साऱ्या हिवाळ्यात सुमारे एका दिवसाचा फरक. फायदा दिसला, पण तो बेताचाच. अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०२२ साली घेण्यात आला, तेव्हाही सर्दी-पडशास काही प्रमाणात आळा बसतो, परंतु पुरावा फार भक्कम नाही, असेच मत पडले.

म्हणून दुकानात 'चांगल्या जंतूंच्या' नावाने ज्या महागड्या पुड्या व बाटल्या मिळतात, त्यांनी मुलाचा खोकला हमखास थांबेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर भिस्त ठेवू नये. प्रत्येक जंतूचा गुण वेगळा असतो. ओडिशातील जंतू निराळा, फिनलंडातील निराळा आणि दुकानातील पुडीतला तिसराच असतो.

या सर्वांपेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय कराचीत सापडला. तेथील गरीब वस्त्यांतील घरांस साबण देऊन हात धुण्याची सवय लावण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब निम्म्याहून कमी झाले. विशेष म्हणजे पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचे प्रमाणही निम्म्यावर आले. साधा साबण त्यासाठी पुरला. पोटाचा जंतू आणि छातीचा जंतू, दोन्ही हातावरूनच प्रवास करतात. हात धुतल्याने दोघांची वाट एकदम अडते.

घरी काय करावे

पहिली गोष्ट आईच्या दुधाची. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळास अंगावर घ्यावे आणि पहिले पिवळसर चिकाचे दूध टाकून देऊ नये. सहा महिनेपर्यंत दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसून त्याच्या आतड्यातील बिफिडो जंतूंसाठी असतात! निसर्गाने बाळाबरोबर त्याच्या सोबत्यांचेही अन्न पाठविले आहे. वरचे दूध देणे भागच पडले तर बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा. बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही.

येथे एका रीतीविषयी बोलणे आवश्यक आहे. नवजात बाळाच्या टाळूस मध किंवा खजूर लावण्याची रीत आमच्या समाजात आहे, आणि बाळास मध चाटविण्याची रीत हिंदू घरांतही आहे. या रीतींमागील माया आम्हास आदरणीय वाटते. परंतु मधात कधी कधी एका घातक जंतूची बीजे असतात. मोठ्यांच्या आतड्यातील भरलेली वस्ती त्या बीजांना थारा देत नाही; बाळाच्या आतड्यातील वस्ती अपुरी असल्यामुळे ती तेथे रुजू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. ही रीत मधावाचूनही पाळता येईल. घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या मौलवींशी अथवा गुरुजींशी बोलून तसे ठरवावे.

दुसरी गोष्ट साबणाची. आमच्या घरी दिवसातून पाच वेळा वजूचे पाणी हातावर पडते. आपल्या इतर घरांतही बाहेरून आले की हातपाय धुण्याची आणि जेवणापूर्वी हात धुण्याची पद्धत आहे. पाण्याची सवय आहेच, तिला साबणाची जोड मिळाली पाहिजे. शौचानंतर, मुलाची शी धुतल्यानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि मुलाला भरविण्यापूर्वी साबण लावावाच. निपाणीकडे पुष्कळ मायबहिणी घरी विड्या वळतात. त्यांनी त्या हातांनी मुलास घेण्यापूर्वी साबण लावणे दुहेरी अगत्याचे आहे, कारण तंबाखूची भुकटीही हातावर असते.

तिसरी गोष्ट जुलाबाची. जुलाब लागले की मुलाचे खाणे बंद करण्याची चूक अजूनही होते. तसे मुळीच करू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे, मऊ भात, वरण, खिचडी, केळे द्यावे. क्षारसंजीवनीची पुडी तीवर लिहिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी आणि ते पाणी घोट घोट पाजीत राहावे; चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. जस्ताची गोळी जुलाब थांबल्यावरही, एकूण चौदा दिवस द्यावी. सहा महिन्यांखालील मुलास मात्रा निम्मी असते, ती आशाताईंना अथवा डॉक्टरांना विचारून घ्यावी. हे चौदा दिवस पुढच्या आजारासाठी असतात. जुलाब थांबला म्हणून मध्येच सोडू नयेत.

चौथी गोष्ट ताटातील. सहा महिन्यांनंतर मुलास मऊ घट्ट अन्न सुरू करावे. वर्षानंतर त्याने घरचे सारे खावे: ज्वारीची भाकरी कुस्करून, नाचणीची आंबील, मुगाची वा मटकीची मऊ उसळ, भोपळा, गाजर, पालेभाजी, पेरू, अंडे. आतड्यातील वस्तीला लागणारा तंतुमय भाग यांतील धान्य, कडधान्ये, भाज्या व फळे यांत भरपूर असतो. मैद्याची बिस्किटे आणि खाऊची कुरकुरीत पाकिटे यांत तो नसतो, आणि त्यांनी पोट भरले की भाकरीला जागा उरत नाही. घरचे ताजे दही किंवा ताक मुलाला आवडत असेल तर खुशाल द्यावे. त्याला औषध समजू नये आणि अपथ्यही समजू नये.

पाचवी गोष्ट प्रतिजैविकांची. साध्या सर्दी-खोकल्याचे कारण बहुधा विषाणू असतो आणि विषाणूवर ही औषधे मुळीच चालत नाहीत. पोटातील उपयुक्त वस्ती मात्र त्यांनी उद्ध्वस्त होते, आणि म्हणूनच अशा औषधानंतर मुलास पुष्कळदा जुलाब लागतात. गेल्या खेपेची उरलेली बाटली किंवा शेजारच्या मुलास लागू पडलेले औषध परस्पर पाजू नये. परंतु याच्या उलट टोकासही जाऊ नये. मुलास खरोखर न्यूमोनिया झाला असेल आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले असेल, तर ते सांगितले तितके दिवस वेळेवर द्यावे. तेथे तेच प्राण वाचविते.

सहावी गोष्ट लसींची. आतड्याला पोखरणाऱ्या रोटा विषाणूची लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ साली काही राज्यांतून सुरू झाली आणि २०१९ पर्यंत देशभर पोहोचली. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील न्यूमोकॉकस लस २०१७ साली सुरू झाली व २०२१ साली ती सर्व राज्यांत लागू झाली. गोवर हा तर पोट आणि छाती दोन्ही एकदम धरणारा रोग. त्याची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास असते. त्याच वेळी 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा मिळते. हे जीवनसत्त्व दोन्ही अस्तरांना सुदृढ ठेवते. या लसी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.

आणि शेवटी धुराचा उल्लेख करतो. पोट कितीही जपले तरी चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर मुलाच्या छातीत जात असेल, तर वरील सर्व श्रम निम्मे वाया जातात.

पोटाच्या भरवशावर छाती विसरू नये

या लेखाचा कोणी असा अर्थ करू नये की खोकला आला तर ताक पाजून स्वस्थ बसावे. पोट जपणे हा आजार येऊ नये म्हणून करावयाचा उपाय आहे. आजार आल्यावर छातीकडेच पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक आईला एक सोपी कला यावी. मूल शांत असताना, रडत नसताना, त्याचे पोट-छाती उघडी ठेवून घड्याळात पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो, असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पिऊ शकत नसेल, ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील अथवा ते सुस्त पडून असेल, तर क्षणभरही थांबू नये.

ही कला अवघड आहे असे समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच साध्या माणसांना श्वास मोजण्यास आणि न्यूमोनियावर औषध देण्यास शिकविले, आणि त्यामुळे बालमृत्यू घटले. हा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध होऊन जगभर मान्यता पावला. तेथील खेडुतांस जे साधले, ते आपल्या घरांतील शिकलेल्या लेकीसुनांस का साधू नये?

एक विनंती

महोत्सवाच्या वर्षी मागे वळून पाहावे, तसेच पुढचेही काही ठरवावे. आमच्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. ट्रस्टच्या बालवाडीतील प्रत्येक नळापाशी वर्षभर साबण राहील, अशी तजवीज करावी. त्याचा खर्च एका सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांहून अधिक येणार नाही. हळदीकुंकू असो, मिलादची मैफल असो किंवा ईस्टरचा मेळावा असो, ज्या ज्या ठिकाणी आपल्या मायबहिणी एकत्र जमतात, तेथे परिचारिकेकडून क्षारसंजीवनी कशी करावी आणि श्वास कसे मोजावेत, याचे प्रात्यक्षिक पंधरा मिनिटे दाखवावे. आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे वाटप होते तेव्हा घरातील धाकट्या मुलांचे लसीकरणाचे कार्ड पाहून, राहिलेली लस कोठे मिळेल, ते त्या पालकांस सांगावे.

या तीन कामांस मोठी देणगी लागत नाही, थोडी नियमितता लागते. ती आपल्या ट्रस्टकडे आहे. नाहीतर एवढी वर्षे हे कार्य चाललेच नसते. पुढील पावसाळ्यात हजेरीपटावरील रिकाम्या चौकटी थोड्या जरी कमी झाल्या आणि घरोघरीची धाकटी बाळे सुखरूप राहिली, तर या स्मरणिकेतील ही पाने सार्थकी लागली असे आम्ही समजू.